पॉगसन खाबुऱ्याहून फरार

आमच्या ओमानातल्या अझैब्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही तिघं राहायचो, आणि चौथा तो मेलेला इंग्रज. मी 'मेलेला' म्हटलं की माझ्या नवऱ्याला, अनुपला, राग यायचा. "दिवंगत म्हण, वैशाली," म्हणायचा. अरे, माणूस जाऊन शंभर वर्षं झाली, माझ्या जेवणाच्या टेबलावर त्याचे कागद, माझ्या फ्रिजवर त्याची वाक्यं चिकटवलेली, दिवंगत कसला डोंबलाचा!

त्याचं नाव सायलस पॉगसन. इंग्लंडातला समाजवादी लेखक. तुम्ही ऐकलं नसेल. मीही ऐकलं नव्हतं आणि माझं काही अडलं नव्हतं. खालच्या मजल्यावरचा गोरा म्हातारा ओमान सोडून निघाला तेव्हा त्याने पुस्तकांचं एक खोकं जिन्यात ठेवलं. मी अनुपला म्हटलं, खोकं मजबूत आहे, घेऊन ये, चादरी ठेवायला होईल. हा गेला आणि नुसती पुस्तकं उचलून आणली. खोकं शेजारणीने नेलं.

तर हा पॉगसन नऊ वर्षांचा असताना वीटभट्टीवर कामाला लागला. ओल्या विटेत अंगठा दाबून ठेवायचा आणि मुकादमाचा मार खायचा. मोठा झाल्यावर लिहायला लागला, आणि आयुष्यभर एकच गोष्ट लिहीत राहिला: जी वस्तू ज्याने केली, तिच्यावर त्याचं नाव पाहिजे, मालकाचं नको. भिंतीवर गवंड्याचं, कोटावर शिंप्याचं, पावावर भट्टीवाल्याचं. जगातल्या सगळ्या वस्तूंवर अशी नावं आली की मालकांना दिसेल आपण काहीच केलेलं नाही, आणि ते लाजून आपणहून बाजूला होतील, असं त्याला मनापासून वाटायचं. एका श्रीमंताने जेवायला बोलावलं तर म्हणाला, आधी स्वयंपाकी दाखवा. स्वयंपाकी येईपर्यंत सूप गार. टाउन हॉलच्या दारावर तेरा सुतारांची नावं कोरली म्हणून अकरा दिवस तुरुंगात जाऊन आला. आणि मेला तेव्हा शिष्यांनी त्याच्या थडग्यावर दगड घडवणाऱ्याचं नाव इतक्या भक्तिभावाने कोरलं की पॉगसनचं कोरायचं राहूनच गेलं. आता त्याला कुठे पुरलंय ते कोणालाच सांगता येत नाही. हे ऐकून मी पोट धरून हसले. अनुप हसला नाही.

त्याचं कारणही सांगते, नाहीतर म्हणाल, बाई नुसती नवऱ्याची टिंगल करते. माझे सासरे भानुदास गवंडी होते. गावच्या शाळेची कोनशिला त्यांनी स्वतःच्या हाताने बसवली. तिच्यावर 'यांच्या शुभहस्ते' म्हणून आमदाराचं नाव. सासऱ्यांना वाचता येत नव्हतं. एवढी अक्षरं आहेत तर त्यात कुठेतरी आपलंही नाव असेल, असं ते धरून चालले होते. अनुप दुसरीत गेला आणि त्याने ती पाटी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. हे त्याने मला लग्नानंतर आठ वर्षांनी सांगितलं, तेसुद्धा भिंतीकडे तोंड करून. म्हणून मी पॉगसनला घरात राहू दिलं.

दर शुक्रवारी आमच्याकडे सात-आठ कुटुंबं जमायची. बुद्धवंदना व्हायची, मुलं मागे बसून इंग्रजीत कुजबुजायची, मग पोहे. २०१५च्या सप्टेंबरपासून वंदना आणि पोहे यांच्या मध्ये पॉगसन शिरला. अनुप उभा राहून एक उतारा वाचायचा, त्याचं मराठी करायचा, आणि लोक स्वयंपाकघराकडे बघत माना डोलवायचे. आमची मुलगी मैत्री कपाळावर हात मारून घ्यायची. "मम्मी, पप्पांना सांग ना. इट्स सो एम्बॅरसिंग."

मैत्री तेव्हा बारावीला होती. आता माझा जीव कशात अडकला होता ते नीट ऐका. तिची बोर्डाची परीक्षा एक मार्चला सुरू होणार होती. तिचा व्हिसा अनुपच्या नोकरीवर. तेलाचे भाव कोसळले होते, दर गुरुवारी ऑफिसातलं कोणीतरी टेबल आवरून निघून जायचं. अनुपची नोकरी गेली असती तर महिन्याभरात घर गुंडाळायचं आणि पोरीने बारावी सोडून आमच्या पिंपरीच्या घरी जाऊन बसायचं. मी अनुपला एकच सांगितलं होतं. "मार्च संपेपर्यंत तुझा तो पॉगसन घरात ठेव. साइटवर नेऊ नकोस."

नेला. नेणारच.

अनुप आणि मी एकाच कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत. तो साइट इंजिनिअर, खाबुरा गावात एका व्यापाऱ्याचा खासगी दवाखाना बांधत होता. मी अझैब्याच्या ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर, म्हणजे कागदाला नंबर देणारी बाई. भिंत बांधायची तर आधी कागद, भिंत पडली तर नंतर कागद. कागदावर नंबर आणि गोल शिक्का असला की आमच्या धंद्यात ती गोष्ट घडली. नसला तर भिंत डोळ्यांसमोर उभी असली तरी नाही.

खाबुऱ्याला फरशीकाम तानाजीकडे होतं. हा लांज्याकडचा. एकोणीस वर्षं ओमानात, हात असा की त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलायची नाही. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत अनुपने सगळ्यांना हिंदीतून पॉगसन सांगितला. तानाजीने शांतपणे ऐकलं, डबा धुतला, आणि पुढच्या फरशीमागच्या ओल्या सिमेंटमध्ये बोटाने स्वतःचं नाव लिहून वर फरशी बसवली. दुसऱ्या दिवशी प्लंबर शरीफने पाइपवर लिहिलं. मग एसीच्या डक्टवर, चौकटींच्या आत, छताच्या वर, ज्याला जशी येईल तशा लिपीत. साठ माणसं, साठ नावं. अनुप घरी आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. मला कळेना याला ताप आलाय की काय.

आठवड्याभराने माझ्या टेबलावर कागद आला. मालकाने नेमलेला सल्लागार इंजिनिअर मुस्तफा, हा इजिप्तचा, शिडी लावून छतात डोकावला होता. कागदावर मोठ्या अक्षरांत: 'कामावर अज्ञात मजकूर आढळला. कोणाच्या परवानगीने? सात दिवसांत खुलासा करावा.'

परवानगी अनुपची. खुलासा म्हणजे अनुपचं नाव. अनुपचं नाव म्हणजे गुरुवार. मी संध्याकाळी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो मान खाली घालून म्हणाला, "मी खरं सांगून टाकतो." मी म्हटलं, "खरं तू एप्रिलमध्ये सांग. हवं तर रोज सांग."

मग मी माझ्या पद्धतीने निस्तरलं. रात्री घरीच बसून एक सहा पानी कार्यपद्धती टाइप केली: 'कामगार ओळख पद्धत.' दर्जा राखण्यासाठी प्रत्येक कामावर कामगाराचं नाव असणं आवश्यक, वगैरे वगैरे. तीन महिन्यांपूर्वीच्या यादीतला एक रिकामा नंबर तिला दिला, ऑफिसात जाऊन गोल शिक्का मारला आणि मुस्तफाला कळवलं की हे सगळं मंजूर पद्धतीनुसारच चाललंय, आपल्या नजरेतून सुटलं असावं. अशा कागदाला नमुना जोडावा लागतो, म्हणजे भरलेला फॉर्म कसा दिसेल ते. आता नमुन्यात कोणा खऱ्या माणसाचं नाव टाकून त्याला कशाला अडकवायचं? समोर फ्रिज होता. मी टाइप केलं: नाव, सायलस पॉगसन. कामगार क्रमांक, शून्य.

चार दिवसांत मुस्तफाचं उत्तर. मंजूर! वर सूचना: नावं इंग्रजीत असावीत, एका बोटाएवढ्या उंचीची असावीत, आणि झाकून न ठेवता दर्शनी भागावर असावीत. शिवाय नमुना साइटवर ठिकठिकाणी चिकटवावा. मी सुटकेचा श्वास टाकला. अनुप तर नाचायचाच बाकी होता. "शंभर वर्षांनी, वैशाली! इंग्लंडात नाही झालं ते खाबुऱ्यात झालं!"

नावं लिहायला साई नावाचा पेंटर नेमला. त्याने दोन दिवस नावं लिहिली आणि तिसऱ्या दिवशी मुस्तफाने हरकत घेतली की नाव लिहिणं हेही कामच आहे, तर त्याखाली पेंटरचं नाव कुठे आहे? मग साईने प्रत्येक नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं. चौथ्या दिवशी मुस्तफा म्हणाला, हे दुसरं नावही कामच की. साई बिचारा आठ दिवस एकाच चौकटीसमोर बसून स्वतःच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहीत होता. शेवटी जमिनीला टेकला तेव्हा मी कार्यपद्धतीची सुधारित प्रत काढून ते बंद केलं.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. मग एका संडासाचा पाइप गळाला. एरवी पाइप गळाला की चार शिव्या आणि नवा पाइप. पण आता पाइपवर बोटभर उंचीचं 'शरीफ' लिहिलेलं. लोकेश, आमचा एचआर, नाशिकचा, माणूस वाईट नाही पण भित्रा, त्याला वरून हुकूम आला. शरीफला वॉर्निंग लेटर. मग चौकट वाकडी, वॉर्निंग लेटर. रंगाचा ओघळ, वॉर्निंग लेटर. तीन झाली की माणूस घरी. कंपनीला माणसं कमी करायचीच होती आणि अनुपच्या पॉगसनने यादी भिंतीवर छापून दिली होती.

पुढच्या शुक्रवारी तानाजी दहा जणांना घेऊन अझैब्याला आला. कंपनीच्या बसमधून, धुतलेले शर्ट घालून. दाराबाहेर चपला काढल्या, वंदना होईपर्यंत हात जोडून मागे बसले, पोहे खाल्ले, बश्या स्वतः उचलून ठेवल्या. मग तानाजी म्हणाला, "सायेब, तुमचा सगळा बरोबर हाय. पण आमची नावा पुसा."

अनुप मिटलेल्या पुस्तकाच्या कडा सारख्या करत राहिला. त्याला बघून मला राग यायला हवा होता, पण रडू आलं. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले.

बाहेर आले तर तानाजी खिशातून एक घडी केलेला कागद काढत होता. तो माझाच नमुना होता, साइटवर चिकटवलेला. "ताय, ह्यो कागद तुमच्या हापिसातना आलाय. ह्यात जसा लिवलाय तसाच लिवायचा, असा नियम हाय ना?"

"हो," मी म्हटलं. "नमुन्याप्रमाणे, असंच आहे."

"मग झाला तर," तानाजी म्हणाला आणि सगळे उठले.

त्याच्या डोक्यात काय होतं ते मला रविवारी कळलं. खाबुऱ्याला सगळ्या माणसांनी आपापली नावं खरवडून काढली आणि नमुन्यात जसं होतं तसं, अक्षरन् अक्षर, लिहिलं: सायलस पॉगसन, क्रमांक शून्य. फरशीवर पॉगसन, पाइपवर पॉगसन, दारं-खिडक्या-डक्ट-बेसिन, सगळीकडे पॉगसन. मुस्तफाने नमुना हातात धरून एकेक जागा तपासली. काही चूक सापडली नाही. मंजूर!

महिन्याचा अहवाल बनला. त्यात एका माणसाने एकाच दिवशी चार खोल्यांची फरशी बसवली, दोन मजल्यांचं प्लंबिंग केलं, एसी जोडला आणि साठ माणसांचा भात शिजवला. कारण कामगारांच्या कॅम्पच्या आचाऱ्यानेही पातेल्यावर तेच लिहिलं होतं. मला वाटलं, आता तरी कोणी विचारेल. छे! वरून अभिनंदनाचं पत्र आलं. पॉगसन महिन्याचा सर्वोत्तम कामगार. लोकेश माझ्याकडे फोटो मागायला आला, फ्रेममध्ये लावायला. मी म्हटलं, "आपण बघितलंय का त्यांना कधी?" तो म्हणाला, "मॅडम, मी एचआरला आहे, मी कामगारांना कुठे बघतो?" फ्रेम रिकामीच लावली.

मग कोणाच्या तरी लक्षात आलं की इतक्या गुणी माणसाला कॅम्पमध्ये खाट नाही. खाट मिळाली. नवी गादी, नवं ब्लँकेट. तिच्यावर कोणी झोपायचं नाही, पण रोज एक ताट वाढून ठेवायचे आणि ज्याला जास्त भूक असेल तो खायचा. शरीफ तर सांगायचा की पॉगसनमुळे सगळ्यांची भांडणं मिटली. कोणाची चूक म्हणून विचारायचंच नाही. सेफ्टीच्या वर्गाला पॉगसन आला नाही म्हणून त्याला वॉर्निंग लेटर निघालं, ते त्याच्या उशीखाली ठेवलं. दुसरं निघालं, तेही ठेवलं. उरलेल्या साठ जणांना एकही निघालं नाही. अनुप हे सगळं मला सांगायचा. एकदा म्हणाला, "वैशाली, हे पॉगसनच्या बरोबर उलट झालं ना गं?" मी म्हटलं, "उलट-सुलट मला कळत नाही. आज तारीख काय? परीक्षेला अजून पाच आठवडे."

त्याच दिवशी मी ते पुस्तक पहिल्यांदा उघडलं. म्हटलं, बघू तरी ज्याने घर पेटवलं तो कसा लिहितो. सुरुवातीलाच आभार मानले होते, छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यांची नावं, कागद उचलणाऱ्या हमालाचं नाव, शाईवाल्याचं नाव. सगळ्यात शेवटी, 'आणि हस्तलिखिताच्या चार प्रती स्वच्छ उतरवून देणाऱ्या माझ्या पत्नीचे.' बस. मी पुस्तक अनुपच्या पुढ्यात आपटलं. "हिचं नाव काय होतं, सांग." त्याने पुस्तक पुढून मागून चाळलं. नव्हतं कुठे.

मग दवाखान्याचा मालक आला. सगळे त्याला अर्बाब म्हणायचे, म्हणजे मालक. माणूस दिलदार. हलव्याचा डबा आणि कहव्याचा थर्मास घेऊन साइटवर आला, फरशीवरून हात फिरवला आणि म्हणाला, हा पॉगसन मला भेटवा. रुस्ताकला माझं घर बांधायचंय, सगळं त्याच्याच हातून करून घेणार. लोकेश म्हणाला, इन्शाल्ला, उद्या. दुसऱ्या दिवशी अर्बाब पुन्हा आला. उद्या. तिसऱ्या दिवशीही आला, या वेळी पॉगसनसाठी घड्याळ घेऊन. आता उद्याला जागा राहिली नाही. एचआरला जे एकच औषध माहीत असतं ते लोकेशने केलं. पॉगसनला फरार घोषित केलं. पेपरात नोटीस दिली: सायलस पॉगसन, कंपनीतून विनापरवाना पळून गेला आहे, आढळल्यास कळवावे. फोटोच्या जागी करडा चौकोन.

आणि फोन यायला लागले हो! कोणी म्हणे, रुस्ताकच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, खजूर घेताना दिसला. कोणी म्हणे, आमच्या शेतावर काम करतोय, चांगला माणूस आहे, आम्ही देणार नाही. कंपनीने शोधायला अनुपलाच पाठवलं. बिचारा दिवसभर रुस्ताकच्या दुकानादुकानांतून शंभर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाची चौकशी करून आला. तीन जणांनी त्याला दिशा सांगितल्या.

पण नोटिशीने काम झालं. अर्बाब हळहळला, फाइल बंद झाली. दवाखाना पूर्ण झाला. मी कॅलेंडरवर खुणा करत होते. फेब्रुवारीचा तिसरा आठवडा संपला, मैत्रीने केमिस्ट्री दोनदा वाचून काढली आणि मी अनेक महिन्यांनी गाढ झोपले.

आणि तानाजी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

काम संपलं म्हणून कंपनीने त्याचा व्हिसा कॅन्सल केला होता. परवाचं विमान होतं. कुवेतचा एक एजंट त्याला घ्यायला तयार होता, फक्त खाबुऱ्यासारखं मोठं काम केल्याचं अनुभवपत्र पाहिजे. त्याने एक कागद माझ्यापुढे ठेवला. "लोकेशसायबांनी दिलाय. तुमचा शिक्का मारा म्हणाले. आन् ताय, ह्येच्यात माजा नाव कुटं हाय त्या जरा दाखवा."

मी वाचलं. 'दाखला देण्यात येतो की खाबुरा येथील दवाखान्याचे संपूर्ण फरशीकाम श्री. सायलस पॉगसन यांनी अत्युत्कृष्ट केले.'

मी तशीच लोकेशच्या केबिनमध्ये गेले. "हे काय आहे?"

"मॅडम, मी दोन दिवस रेकॉर्ड चाळलं," तो म्हणाला. अगदी रडकुंडीला आला होता. "तानाजीच्या नावावर खाबुऱ्यात एक फरशीसुद्धा नाही. सगळं पॉगसनचं. त्याला रिकाम्या हाताने पाठवू? म्हणून चांगल्यातला चांगला दाखला दिला."

"त्याचं नाव घालून नवीन द्या."

"कसं देऊ? ते दिलं की पॉगसन खोटा. पॉगसन खोटा की नोटीस खोटी, अहवाल खोटे. मुस्तफा विचारणार, हे सुरू कोणी केलं? मला वर एक नाव द्यावं लागेल."

"एकच पुरेल?"

"एक पुरतं, मॅडम. नेहमी एकच लागतं."

मी बाहेर येऊन अनुपला फोन लावला. सगळं सांगितलं. तो एका क्षणात म्हणाला, "माझं दे. मी निघालो इथून." आणि मला इतका संताप आला, इतका, की फोन तोंडाजवळ धरून मी ओरडले. "मैत्रीचा व्हिसा कोणाच्या नोकरीवर आहे? एक मार्चला ती पेपर कुठे लिहिणार, विमानतळावर?" मी म्हटलं, "माझ्याकडे कंपनीचा वेगळा व्हिसा आहे. तो गेला तर मैत्रीसारखी तुझ्या व्हिसावर येते मी. पोरीला धक्का लागत नाही."

"वैशाली, यात तुझी काय चूक आहे?"

"काही नाही! तेच तर म्हणतेय!" मी फोन ठेवला.

अकरा वर्षं त्या खुर्चीत बसले होते मी. एकही कागद चुकला नव्हता. मला ती नोकरी आवडायची, हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. नंबर ओळीने लागले की मला बरं वाटायचं. आणि हे सगळं कोणासाठी? कोणा पॉगसनसाठी नाही, अनुपसाठीही नाही. तो बाप्या माझ्यासमोर उभा होता, सिमेंटने फुटलेली बोटं पोटाशी धरून, आणि त्याच्या एकोणीस वर्षांच्या हाताचं काम दुसऱ्याच्या नावावर होतं.

मी टाइप करायला बसले. खाबुरा दवाखान्याचं फरशीकाम तानाजीने केलं. प्लंबिंग शरीफने केलं. हातासरशी साठही जणांची नावं आणि त्यांची कामं लिहिली, मला पाठच होती, इतक्या वेळा नंबर दिले होते. पॉगसन नावाचा कामगार नव्हता, ते नाव नमुन्यापुरतं होतं आणि ती पद्धत मी बनवली होती. खाली 'तयार करणार' म्हणून एक चौकोन असतो. त्यात आम्ही तिघी-चौघी फक्त 'डीसी' लिहायचो, डॉक्युमेंट कंट्रोल. म्हणून तर इतके महिने कोणी माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. मी त्या चौकोनात पूर्ण नाव लिहिलं. एक प्रत लोकेशला, एक मुस्तफाला पाठवली. मग तानाजीचं अनुभवपत्र वेगळं छापलं, त्यालाही नंबर दिला, तोच चौकोन भरला, गोल शिक्का मारला.

लोकेश दारात येऊन उभा होता. प्रत वाचून झाली होती. "मॅडम," तो म्हणाला, "तुम्हाला काढल्याच्या पत्रावर मला आजचीच तारीख टाकावी लागेल."

"टाका," मी म्हटलं. शिक्का पुसून खणात ठेवला.

तानाजीने पत्र दोन्ही हातांनी घेतलं. त्याला इंग्रजी अक्षरं जुळवून वाचता यायची. पहिल्या ओळीवर बोट ठेवून त्याने स्वतःचं नाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि मान हलवली. मग बोट सावकाश खाली सरकत सरकत त्या चौकोनाशी आलं. तिथे अडखळलं.

"ही वैशाली कोन?"

"मी," मी म्हटलं.

"अरे!" तो चकित होऊन माझ्याकडे बघत राहिला. "अकरा वर्सा तुमच्याकडनं कागद नेतोय, ताय. कधी इचारलाच न्हाय."